'डॅनियल' आधी पाहावा की नातीचा माहितीपट?

१९ जून १९५३ रोजी न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या नवरा-बायकोला विजेच्या खुर्चीत बसवून मारलं. आरोप सोव्हिएत रशियासाठी अणुबॉम्बच्या हेरगिरीचा. मागे दोन मुलगे उरले, मायकल दहा वर्षांचा आणि रॉबर्ट सहा. नातेवाइकांनी त्यांना सांभाळायला नकार दिला. शेवटी मीरोपोल दांपत्याने त्यांना दत्तक घेतलं.

सिडनी ल्युमेटचा 'डॅनियल' (१९८३) हा सिनेमा याच घटनेवरून सुचलेल्या, ई. एल. डॉक्टोरो यांच्या कादंबरीवर बेतलेला. इथे आडनाव आयझॅकसन, आणि दोन भावांच्या जागी भाऊ-बहीण. बहीण सुझन मनाने पार खचलेली, म्हणून डॅनियल जुन्या माणसांची दारं ठोठवायला निघतो. भूतकाळ उबदार पिवळसर, वर्तमान निळसर, थंड. एका सभेत ही लहान भावंडं गर्दीच्या डोक्यांवरून हातोहात मंचाकडे पोचवली जातात. माणसं त्यांच्याच आई-बापांसाठी ओरडताहेत आणि पोरं भेदरून गेलीत. मला तरी संपूर्ण सिनेमात याहून अस्वस्थ करणारं दृश्य दुसरं वाटत नाही, शिक्षेचं दृश्य धरूनही. आई-बाप दोषी होते का, याचं उत्तर मात्र ल्युमेट देत नाही.

ते उत्तर हवं असेल तर 'एअर टु अ‍ॅन एक्झिक्युशन' (२००४) हा माहितीपट पाहा. दिग्दर्शक आयव्ही मीरोपोल ही मायकलची मुलगी. आजी-आजोबांचे म्हातारे झालेले सोबती ती गाठते, नातेवाइकांना फोन लावते. बहुतेक जण भेटायलाच तयार नाहीत. अमेरिकेने उलगडलेल्या सोव्हिएत गुप्त संदेशांची 'व्हेनोना' नावाची कागदपत्रं १९९५ मध्ये खुली झाली, त्यामुळे आजोबा पूर्ण निर्दोष होते असं तिला म्हणता येत नाही. आजीची गोष्ट वेगळी. तिच्याविरुद्ध साक्ष दिली ती सख्ख्या भावाने, आणि तिने हेरगिरीची टिपणं टाइप केली ही साक्ष खोटी असल्याची कबुली त्यानेच पुढे दिली. मांडणी साधी आहे, ल्युमेटची सफाई इथे शोधू नका.

माझं मत विचाराल तर 'डॅनियल' आधी. उत्तर माहीत नसताना डॅनियलचं तडफडणं जास्त भिडतं. घरात लहान मुलं सोबत बसणार असतील तर मात्र तो नकोच. आणि तेवढ्यावर थांबू नका, माहितीपटही पाहा. सिनेमातली सुझन सावरत नाही, म्हणून खरी मुलंही अशीच संपली असतील असं वाटत राहतं. ती संपली नाहीत. मायकल अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. रॉबर्टने १९९० मध्ये एक निधी उभा केला, चळवळीपायी ज्यांच्या आई-बापांना छळ सोसावा लागला अशा मुलांसाठी.