तयार सातूचं पीठ: चार वाजताच्या सुस्तीवर कितपत चालतं?

डबा खाल्ल्यावर दोन ते चारच्या दरम्यान डोळे मिटू लागतात, त्याचं सगळं खापर भातावर फोडण्यात अर्थ नाही. शरीराचं घड्याळच त्या वेळी थोडं मंदावतं. मशीनचा चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं, म्हणजे मैदा आणि साखर, एवढ्यावर काम फार वेळ रेटत नाही. शिवाय चहातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. सहाचा कप रात्रीच्या झोपेत लुडबुड करतो आणि दुसऱ्या दिवशीची पेंग तिथेच ठरते. तीन-साडेतीनला घेतलेलं सातूचं पीठ या जोडीपेक्षा नक्कीच उजवं. तरतरी झटक्यात येत नाही, पण घरी पोचेपर्यंत पोटाला आधार राहतो.

नावावरून घोळ होतो. सातू म्हणजे खरं तर जव. पण आपल्याकडे मिळणारं पीठ बहुतेक वेळा भाजलेले गहू आणि डाळं यांचं असतं, वर जिरं, सुंठ, वेलची. बिहारचं सत्तू निव्वळ फुटाण्यांचं. ते मीठ-लिंबू घालून पितात. पाकिटावरची यादी वाचावी: गव्हाच्या निम्मं तरी डाळं हवं. अशा ४० ग्रॅम पिठातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. साखर पहिल्या दोन नावांत असेल तर पाकीट परत फळीवर. बचत गटांच्या स्टॉलवर बिनसाखरेचं मिळतं. चिमूटभर चाखूनच घ्यावं. नीट भाजलेलं पीठ जिभेवर विरघळतं आणि डाळ्यांचा खमंग वास येतो. कच्चं राहिलेलं टाळूला खळीसारखं चिकटून बसतं. त्याच पिठाने नंतर पोट फुगतं. असं पाकीट घरी आलंच तर कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटं पुन्हा परतावं.

ऑफिसात खरी अडचण गुठळ्यांची. बाटलीत आधी पीठ आणि वरून पाणी ओतलं, तर तळाशी लगदा बसतो आणि कितीही हलवला तरी सुटत नाही. आधी २०० मिली पाणी, मग ४ सपाट चमचे (पोह्यांचे नव्हे, जेवणाचे) पीठ, २ छोटे चमचे किसलेला गूळ आणि मिठाची कणी. झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, ५ मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवायचं. भिजल्यावर ते दाटतं, म्हणून घोटभर पाणी राखून ठेवावं. नुसता कप असेल तर ३-४ चमचे पाण्यात आधी पेस्ट करावी. दूध हवं असेल तर गार किंवा कोमट. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती. बाटली लगेच विसळावी, कारण झाकणाच्या रबरी चकतीखाली अडकलेलं पीठ संध्याकाळपर्यंत आंबतं आणि तो वास साबणाला दाद देत नाही.

भरपेट जेवणावर तासाभरात घेतलं तर उलट जडपणा वाढतो. मधुमेह असेल तर गूळ टाळावा आणि गव्हाचा हिशेब जेवणातल्या पोळीत धरावा. गहू न चालणाऱ्यांनी निव्वळ फुटाण्यांचं घ्यावं. आणि पुरेशी झोप होऊनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, तर तो सातूचा प्रांत नाही. डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नये. पाव किलो एका माणसाला सहा दिवस पुरतं. पावसाळ्यात ड्रॉवरमधल्या उघड्या पाकिटात जाळी धरते, पोरकिडे होतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि कोरडा चमचा हवाच. वास खवट आला तर भाजून उपयोग नाही, सरळ टाकून द्यावं.