‘ब्लेम!’ कागदावर घ्यावं की टॅबवर?

त्सुतोमु निहेईची ‘ब्लेम!’ ही जपानी चित्रकथा (मंगा) वाचायचं ठरवलेल्याला तिचा नायक किली कोण आणि तो नेट टर्मिनल जीन (शहराच्या संगणकजाळ्यात शिरू देणारं जनुक) का शोधतोय, हे सांगायला नको. प्रश्न उरतो तो आवृत्तीचा: व्हर्टिकल प्रकाशनाची सहा खंडांची, मोठ्या पानांची छापील इंग्रजी मास्टर एडिशन घ्यावी, की तीच डिजिटल? टोकियोपॉप या आधीच्या प्रकाशकाचे जुने दहा खंड मी यात धरत नाही. त्यांची छपाई केव्हाच थांबली, आणि लहान पानावर ही चित्रं गुदमरतात.

डिजिटलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. कपाटातली जागा वाचते, पावसाळ्यात पानं सादळत नाहीत, आणि सेफगार्डशी (शहराच्या मारेकरी रक्षक यंत्रणेशी) झुंज जुंपल्यावर कोणाचा हात कुठला हे कळेना झालं की दोन बोटांनी चित्र मोठं करता येतं.

घोडं पेंड खातं ते जोडपानांपाशी, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रांपाशी. टॅब उभा धरला तर एकच पान दिसतं. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायचा, त्यामुळे उजव्या पानावर किलीचं हत्यार सुटतं, भगदाड डावीकडे पडतं. मधे बोट सरकवेपर्यंत दणक्यातली हवाच जाते. बरं, टॅब आडवा करावा, तर दहा इंची, चारास तीन प्रमाणाच्या पडद्याची आडवी लांबी जेमतेम 20 सेंटीमीटर. म्हणजे पानाच्या वाट्याला 10. जुन्या लहान खंडांचं पानसुद्धा याहून रुंद. मास्टर एडिशनचं तर 18च्या आसपास. अथांग दरीवरच्या पुलावर मुंगीएवढा काढलेला किली इथे नुसता ठिपका होतो. मोठा करून पाहावा, तर किली दिसतो आणि दरी जाते. माझ्या लेखी निकाल इथेच लागला.

त्यात काही अ‍ॅप मुखपृष्ठासकट जोड्या लावतात, मग डावं पान भलत्याच उजव्या पानाशेजारी येतं. पहिलं पान एकटं ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये नसेल, तर त्या अ‍ॅपवर हे वाचूच नये.

कागदाचेही नखरे आहेतच. बांधणी चिकटवलेली, त्यामुळे जोडपानाचा मधला पट्टा खाचेत जातो. ती खाच मोकळी करायला नवा खंड कण्यावर उभा धरा, आधी पुढचं, मग मागचं मुखपृष्ठ टेबलावर आडवं करा. मग दोन्हीकडून आळीपाळीने दहा-पंधरा पानं घेऊन खाचेलगत बोट फिरवत मध्यापर्यंत या. घाईने मधूनच ताणलात तर गोंद तडकतो आणि पानं सुटतात. काळ्याभोर पानांवर बोटांचे ठसेही उमटतात, तेव्हा हात कोरडे हवेत. झोपून वाचायची सवय असेल तर मनगटं कुरकुरतील.

प्रवासातच वाचन होत असेल, तर डिजिटलला नावं ठेवणार नाही. तेरा इंची टॅब असेल तर त्रास कमीही होईल. घरी बसून वाचणाऱ्याने मात्र निदान पहिला खंड कागदावर घ्यावा. घेण्याआधी सहाही खंड मिळताहेत का ते पाहावं, कारण मधलाच एखादा संपलेला असला की सगळा संच अडकून बसतो.