बुक-ऑफ : जपानमध्ये स्वस्तात मांगा मिळण्याचे ठिकाण

जपानमध्ये नव्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथांच्या पुस्तकांवर, सवलत मिळेल, अशी आशा धरू नये. तेथे छापील पुस्तकांची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराने त्याच किमतीला विक्री करावी, या व्यवस्थेला कायद्याने मुभा दिलेली आहे. त्यामुळे साधारण ५०० ते ६०० येनचा खंड कोणत्याही दुकानात तेवढ्यालाच पडतो. खर्च वाचवायचा असेल, तर जुन्या पुस्तकांकडेच वळावे लागते आणि त्यासाठी १९९० साली तोक्योजवळच्या सागामिहारा येथे सुरू झालेली, आता देशभर पसरलेली ‘बुक-ऑफ’ ही दुकानांची साखळी मला सर्वांत सोयीची वाटते.

मजकुराच्या दुर्मिळतेपेक्षा पुस्तकाची अवस्था आणि मागणी पाहून येथे किंमत ठरते. न खपलेले खंड स्वस्ताच्या कपाटात जातात, जेथे अनेक शाखांमध्ये करासह ११० येनला, म्हणजे ६०-६५ रुपयांच्या आसपास, एक खंड मिळतो. भारतात इंग्रजी अनुवादाच्या एका खंडाला याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते. एकच मालिका नेहमीच्या आणि स्वस्ताच्या अशा दोन वेगळ्या कपाटांत विभागलेली असू शकते. म्हणून दोन्हीकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मांडणी बहुधा प्रकाशक आणि लेखकाच्या नावानुसार असल्याने लेखकाचे नाव जपानी लिपीत फोनमध्ये लिहून नेलेले बरे.

खरी अडचण मालिका पूर्ण करताना येते. पहिल्या खंडांच्या प्रती भरपूर छापल्या जातात, त्यामुळे ते ढिगाने सापडतात. पुढचे खंड कमी छापले जातात आणि त्यांची किंमतही लवकर उतरत नाही. लांबलचक मालिका घ्यायची असेल, तर प्लास्टिकमध्ये बांधलेला पूर्ण संच अनेकदा परवडतो, मात्र तो उघडून तपासता येत नाही. सुटे खंड उभ्या उभ्या चाळण्याची परंपरा बऱ्याच शाखांमध्ये टिकून आहे. पिवळी पडलेली पाने मला खटकत नाहीत. संग्राहकांना खटकतील, आणि त्यांनी तोक्योतील नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलातील ‘मांदाराके’ हे जुन्या मांगाचे दुकान गाठावे. तेथे दुर्मिळता ओळखून भाव लावलेला असतो, त्यामुळे स्वस्ताईची अपेक्षा मात्र ठेवू नये.

पुण्यात जपानी शिकून तिकडे गेलेल्यांनी मुलांसाठीच्या, म्हणजे शोनेन, मालिकांपासून सुरुवात करावी. त्यांत बहुतेक कांजींच्या, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरचिन्हांच्या, शेजारी उच्चार छापलेला असतो, तर प्रौढांच्या सेइनेन मालिकांमध्ये ही सोय अनेकदा नसते. वाचून झालेले खंड परत विकता येतात, पण त्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागते आणि हाती येणारी रक्कम फारच किरकोळ असते.