जाहिरातीतला फोन आणि कानाला लावायचा फोन

२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि १२० वॅटचे चार्जिंग मिरवणारा एक फोन मी आठ महिने वापरला, आणि त्यानंतर गेले वर्षभर ५० मेगापिक्सेलचा, जाहिरातीत फारसा गाजावाजा नसलेला दुसरा फोन वापरतो आहे. अशाच दोन फोनांमध्ये ज्यांचे मन घुटमळते आहे, त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

कॅमेऱ्याचा आकडा पाहून मीही भुललो होतो. प्रत्यक्षात पहिला फोन नेहमीच्या वापरात १६ पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतो, आणि दुसरा ४ पिक्सेल एकत्र करून नेमके तेवढेच देतो. पूर्ण २०० मेगापिक्सेलमध्ये भर उन्हात दूरच्या फलकावरची अक्षरे अधिक स्पष्ट येतात, हे खरे. पण प्रत्येक वेळी फोन क्षणभर अडखळतो आणि फाइलही अवजड होते, त्यामुळे ती सोय मी चार-पाचदाच वापरली असेन.

चार्जिंगमध्ये मात्र पहिलाच सरस, हे मान्य केले पाहिजे. १२० वॅट ही कमाल मर्यादा असून बॅटरी भरत आली की वेग उतरतो आणि दुसऱ्या कुणाचा चार्जर लावला तर तो सहसा मिळतही नाही. तरीही आंघोळ आटपेपर्यंत तो फोन बराचसा भरलेला असे, आणि दुसऱ्याला तास-सव्वा तास लागतो.

माझा निर्णय झाला तो जाहिरातीत कुणीच न लिहिलेल्या एका गोष्टीवरून. फोन कानाशी नेला की स्क्रीन बंद करणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर पहिल्या फोनात स्वतंत्र नव्हता. फोनाची हालचाल आणि स्क्रीनला झालेला स्पर्श यांवरून तो अंदाज बांधत असे. उभ्याने बोलताना हा अंदाज बहुधा जमे. पलंगावर आडवे होऊन बोलू लागलो की स्क्रीन पेटे, गाल लागून म्यूट होई, आणि पलीकडून बहीण ‘हॅलो, हॅलो’ करत असताना मी आपला बोलतच असे. याच्या उलटही होई: ‘मराठीसाठी १ दाबा’ असे ऐकून फोन कानापासून दूर घ्यावा, तर स्क्रीन काळीच, आणि कीपॅड उघडेपर्यंत सूचना पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोन अपडेट आले. मला तरी फरक जाणवला नाही. दुसऱ्या फोनात या कामासाठी स्वतंत्र इन्फ्रारेड सेन्सर आहे, आणि वर्षभरात त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

ज्यांचे सारे बोलणे इअरफोनवर होते त्यांना हा त्रास जाणवणारही नाही, आणि त्यांनी पहिल्या प्रकारचा फोन घेतला तर त्यात वावगे काही नाही. बाकीच्यांनी घेण्याआधी एक कॉल लावून पाहावा, फोन कानाशी धरून मान थोडी आडवी करावी, आणि स्क्रीन पेटते का, हे शेजारी उभ्या असलेल्याला पाहायला सांगावे.