लॉरा आरएस की सिव्हिक? दोन्ही गाड्या एकाच टोळीच्या निघाल्या

४,६१,९०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो. आकडा ऐकला की दुसरा प्रश्न ठरलेला: "एवढा गाड्यांतला जाणकार तू, तू कसा फसलास?" तर कसा, ते लिहितो. मीटर मागे फिरवतात, 'डॉक्टरची गाडी' म्हणून काहीही खपवतात, पुरातली गाडी धुऊनपुसून पुण्यात आणून विकतात, हे तुम्हाला माहीत आहे तसं मलाही माहीत होतं. माझ्याशी हेच झालं. फक्त त्यावर आणखी एक थर चढवलेला होता.

चार-साडेचार लाखांत मला जुनी पण दमदार सेडान हवी होती. नवी छोटी हॅचबॅक नको, उंच एसयूव्ही तर नकोच. बघता बघता दोन गाड्या उरल्या. एक २०१२ ची स्कोडा लॉरा आरएस, पांढरी, एमएच १० म्हणजे सांगली पासिंगची, मीटरवर ७१,२०० किलोमीटर, मागणी ४,६०,०००. दुसरी २०१० ची होंडा सिव्हिक, निळी, मॅन्युअल, ८८,००० किलोमीटर, मागणी ३,१०,०००. लॉरा बायपासजवळच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या डीलरकडे, सिव्हिक कोथरूडमधल्या एका 'घरगुती' मालकाकडे.

ज्यांना या गाड्यांचं वेड आहे त्यांना माझी अवस्था कळेल. लॉरा आरएसमध्ये १.८ लिटरचं टीएसआय टर्बो इंजिन, १६० पीएस ताकद, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, म्हणजे डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डोकेदुखी नाही. शिवाय आपल्या औरंगाबादच्या शेंद्र्याला जुळलेली. सिव्हिकचं १.८ आय-व्हीटेक इंजिन १३२ पीएसचं, टर्बो नाही, पण फिरवाल तेवढं गोड फिरतं आणि देखभाल त्यामानाने सोपी. तिचं पोट प्रत्येक स्पीडब्रेकरला घासतं, ते सोडा. मी रात्र रात्र बसून तक्ते केले. टीएसआय ऑइल पितं का, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर कधी जातो, सिव्हिकचा स्टीअरिंग रॅक किती वाजतो, सगळं वाचलं. दोन गाड्यांची एवढी तुलना केली की दोन विकणाऱ्यांची करायला वेळच उरला नाही.

डीलरकडे गेलो तेव्हा लॉराचं इंजिन गरम होतं. "आत्ताच एक पार्टी चालवून गेली," म्हणाला. आता सांगतो, इंजिन गरम असेल तर तिथून उलट पावली निघा, दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा आणि बॉनेटला हात लावून बघा. टेन्शनर सैल झालेला असेल तर थंड इंजिन चालू करताना पहिल्या काही सेकंदांतच खडखड ऐकू येते. गरम इंजिन ते झाकतं. बाकी गाडी चकाचक. मालक म्हणे सांगलीचे डॉक्टर, गाडी जास्त वेळ गॅरेजमध्येच उभी. आरसी खरी, कर्जाचा बोजा नाही, सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर सगळं हिरवं. मी त्याला म्हटलं, एक सिव्हिकही बघतोय, कोथरूडची, निळी. तो हसला. "बघा ना साहेब. बघूनच घ्या. मी कुठं पळून चाललोय?"

मग सिव्हिक. मालक साठीचे, निवृत्त बँक अधिकारी म्हणून सांगितलं, घरी चहा झाला. आणि इथेच तो क्षण आला, जो मला आजही झोपू देत नाही. गृहस्थ स्वतःच्या गाडीचे दोष सांगायला लागले. रॅक वाजतो, एसीचा कॉम्प्रेसर दमलाय, पासिंग डिसेंबरात संपतंय, पुन्हा करायचं म्हणजे आरटीओत हेलपाटे. आणि मग म्हणाले, "खरं सांगू का, तुम्ही तरुण आहात, त्या सांगलीच्या पांढऱ्या लॉरापुढे माझी गाडी काय टिकणार?"

सांगलीची पांढरी लॉरा. मी त्यांच्यापुढे लॉराचं नावही काढलं नव्हतं.

ऐकलं मी ते. नीट ऐकलं. आणि डोक्याने त्याचा अर्थ काय लावला? की पुण्यात लॉरा आरएस मोजक्याच, शौकीन माणसाला त्या माहीत असणारच. तुम्ही म्हणाल, खुळा आहेस. पण समोरचा माणूस स्वतःचा तोटा करून दुसऱ्याची गाडी घे म्हणतोय, त्याच्यावर कोण संशय घेतो? मेहुणा सोबत होता, त्यानेही मान डोलावली. आता म्हणतो, मला तेव्हाच पाल चुकचुकली होती. चुकचुकली होती तर तोंड उघडायचं होतं!

वर त्या गृहस्थांनी मला बजावलं, "डीलरच्या माणसाकडून तपासू नका हं. माझा एक मेकॅनिक आहे, सरळ माणूस, त्याला न्या." मंडईत आंबेवाला आधी डागाळलेली पेटी उघडून दाखवतो ना, म्हणजे पुढची आपसूक सोन्याची वाटते, तशी ती सिव्हिक होती. ती विकायची नव्हतीच. ती लॉरा विकण्यासाठी होती. आणि सरळ माणूस मेकॅनिकही त्यांचाच. त्याने १,५०० रुपये घेतले, गाडीखाली टॉर्च मारला आणि म्हणाला, "डोळे झाकून घ्या."

सौदा ४,१५,००० ला ठरला. २५,००० टोकन यूपीआयने. १,९५,००० रोख, कारण "दोन लाखांच्या आत ठेवू, उगाच इन्कम टॅक्सचा ताप नको." उरलेले १,९५,००० आयएमपीएसने 'चुलत भावाच्या' खात्यावर. मी बिल मागितलं. उत्तर तयार होतं: "बिल देतो, पण वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७४,७०० लागतील." मी गप्प बसलो. तुम्ही बसला नसता? नंतर एका सीए मित्राने सांगितलं की नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर तो १८ टक्के फक्त स्वतःच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. बिल नसलं की तो डीलरच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. कागदावर गाडी सांगलीच्या माणसाने मला विकली. शेडवाल्याचं नाव एकाही कागदावर नाही. नाव बदलायला एजंटला ८,५०० दिले. आरसी माझ्या नावावर रीतसर आली, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तीच माझ्या तोंडावर मारली गेली.

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी मेली. टोइंगचे २,२००. एका स्वतंत्र गॅरेजवाल्याने लॅपटॉप लावून जुने फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड, काढले. या गाड्यांत फॉल्ट नोंदला गेला की त्या वेळचे किलोमीटरही सोबत साठवले जातात. मीटर फिरवणाऱ्याला हे माहीत नव्हतं किंवा त्याने आळस केला. एका कोडवर १,६३,४१० किलोमीटर होते. मीटर अजून ७२ हजारांत. मग त्याने कार्पेट उचललं. खाली वाळलेला मऊ गाळ, सीटच्या रुळांना गंज, वायरिंगचे जोड हिरवे पडलेले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ. एवढंच करायचं होतं, सीटबेल्ट पूर्ण ओढायचा. बिनपैशांची तपासणी.

सांगलीची गाडी, ऑगस्ट २०१९ चा पूर. जोडून घ्या तुम्हीच. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि सांगाडा लिलावात जातो. तिथून तो कुणाच्या शेडमध्ये येतो, हे मी बघून आलो. मी जुनी पॉलिसी मागितली होती, मला चालू वर्षाची थर्ड पार्टी दाखवली. तुम्ही मागच्या वर्षांची फुल पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, बघा. वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या डॉक्टरच्या गाडीला ५० टक्के बोनस हवा. शून्य असेल तर कशाचा क्लेम घेतला ते विचारा. उत्तर द्यायला उशीर लागला तरी ते उत्तरच समजा.

दुरुस्तीत ३४,७०० घालून थांबलो. पूर्ण वायरिंगचा अंदाज १,३८,००० निघाला.

मग वाटलं, सिव्हिकवाले काका साक्षीदार होतील. हसू नका. कोथरूडला गेलो तर फ्लॅट भाड्याचा, बंद. वॉचमन म्हणाला, "ते गाडीवाले होय? त्यांच्याकडं सारखी वेगळी गाडी असायची." त्याने सांगितलेलं आडनाव आणि ज्या 'चुलत भावाला' १,९५,००० पाठवले त्याचं आडनाव एकच. एम-परिवहनवर मालकाचं नाव अर्धं तारकांखाली झाकलेलं असतं. सिव्हिकच्या नोंदीतल्या तारकांत ते नाव अगदी नीट बसलं.

आता यंत्रणेकडे वळू. चौकीत पहिलं वाक्य: "चालवून बघितली होती ना? गाडी तुमच्या नावावर झाली ना? मग फसवणूक कसली?" मी फॉल्ट कोडचा प्रिंट ठेवला. साहेबांनी तो उलटा धरून बघितला आणि म्हणाले, "हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (४) काढलं, जुनं ४२०. तर म्हणे, शेड आमच्या हद्दीत नाही. शेडच्या हद्दीत गेलो तर म्हणे, पैसे जिथून पाठवले तिथे जा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो म्हटलं तर एक हवालदार शांतपणे म्हणाला, "ते मोठ्या गुन्ह्यांना असतं, काका." काका! माझं वय बेचाळीस. अर्ज दिला, पोच मागितली, तर पोच द्यायला शिक्का सापडेना. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. समोरासमोर व्यवहार झाला म्हणून ती सायबर फसवणूक नाही, असं उत्तर. म्हणजे चोराने मला चहा पाजला, ही माझी चूक.

आरटीओत तर कमाल. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, फॉर्म २९ बी. मी खिडकीवर विचारलं, या शेडवाल्याकडे ते आहे का? "पोर्टलवर बघा." पोर्टलवर नाही, म्हणून तर आलो. "मग नसेल." नसेल तर कारवाई कोण करणार? "लेखी द्या." लेखी दिलं. पुढच्या वेळी त्या खिडकीवर दुसरे गृहस्थ, त्यांना काही माहीत नाही. मीटरबद्दल उत्तर मिळालं, "आम्ही चासिस नंबर बघतो, मीटर नाही." एजंट मात्र बाहेर मला नावाने ओळखत होते. त्यांच्याकडे सगळ्यांची उत्तरं असतात.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर डॉकेट नंबर मिळाला. तक्रार समोरच्याकडे पाठवू म्हणाले, पण समोरचा त्यांच्या यादीतच नाही. जिल्हा ग्राहक आयोगात, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, एवढा दिलासा. पण वकील म्हणतात, आधी तो धंदेवाईक विक्रेता आहे हे सिद्ध करा, कारण कागदावर एका खासगी माणसाने दुसऱ्याला गाडी विकलीय. त्या ७४,७०० च्या भीतीने मी न घेतलेलं बिल इथे आडवं आलं. म्हणून शेडचे फोटो, पाटीचे फोटो, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचा भाव-तोल, सगळं पहिल्या दिवसापासून जपा. सौदा फोनवर करू नका, लिहून करा. पैसे आरसीवरच्या नावाच्या खात्याशिवाय कुठेही पाठवू नका, मग तो चुलत भाऊ असो की सख्खा. आणि मेकॅनिक असा न्या ज्याचं नाव या व्यवहारातल्या कुठल्याच माणसाने सुचवलेलं नाही.

शेडवाल्याला एकदा फोन लागला. "साहेब, जुनी गाडी आहे, जुन्या गाडीची गॅरंटी असते का?" वर एक ऑफर. ९०,००० ला परत घ्यायला तयार. म्हणजे कार्पेट बदलून हीच गाडी पुढच्या माणसाला. ठेवून दिला फोन. वकिलांची नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली, 'पत्त्यावर राहत नाहीत' म्हणून परत आली. शेड मात्र तिथेच आहे, पाटी बदललीय.

आता पोलीस उपायुक्तांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली लेखी अर्ज टपालाने पाठवलाय. तिथे हललं नाही तर १७५ (३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पुण्यात ज्या कुणाला साठीच्या गोड बोलणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या गाडीची नालस्ती करून दुसरी गाडी घ्यायला लावली असेल, त्यांनी कृपया पुढे या. गाडी वेगळी असेल, सिव्हिकऐवजी जेट्टा असेल, आडनावही वेगळं असेल. आयएमपीएसच्या पावतीवरचं लाभार्थ्याचं नाव तेवढं बघा. तीन-चार अर्ज एकाच खात्याकडे बोट दाखवून गेले, तर 'सिव्हिल मॅटर' म्हणताना साहेबांना जरा तरी अडखळावं लागेल.