पाकिटाची नक्कल: दावा की पोलीस?
इंदूरच्या शेववाल्याच्या पाकिटाची हुबेहूब नक्कल बडोद्यात विकली जातेय. आता दावा लावावा की पोलिसांत जावं?

पोलिसांतल्या तक्रारीला कोर्ट फी नाही. पण वॉरंटविना जप्ती करणारा अधिकारी किमान डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) हवा, आणि त्याने आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं, म्हणजे व्यापारचिन्हं नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं मत घ्यायचं असतं. घोडं इथेच अडतं. तोवर माल हलतो. गुन्हा सिद्ध झाल्यास 6 महिने ते 3 वर्षं कैद. तुमचं नुकसान मात्र दाव्यातच मागायचं.

दाव्याला वकील आणि कोर्ट फीचा खर्च आहे, पण नकली माल विकायला बंदी घालणारा मनाईहुकूमही मिळू शकतो. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 मुळे इंदुरातच दावा लावता येतो. नसेल तर बडोद्याच्या फेऱ्या. 3 लाख किंवा त्यावरच्या व्यावसायिक दाव्यात तातडीचा हुकूम मागितला नाही, तर आधी मध्यस्थी सक्तीची. म्हणून नक्कल कळताच बिलासकट पाकीट विकत घ्या; महिनोन्महिने गप्प बसलात तर तातडीवर शंका घेतली जाऊ शकते.

गोदामाचा पत्ता हाती असेल आणि माल सरळ बनावट असेल, तर पोलीस. नुसतं मिळतंजुळतं नाव असेल, तर दावाच.