एफएफएमपेगची लायब्ररी: काम जबरदस्त, पण कोडेक उघडायचा क्रम पाळावाच लागतो

सी किंवा सी++ मधून व्हिडिओ फाईल लिहायची तर एफएफएमपेगच घ्या, दुसरं शोधत बसू नका. २००० साली फॅब्रिस बेलार्डने सुरू केलेलं, व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं प्रोजेक्ट आहे, फुकट आहे, आणि जवळपास सगळे फॉरमॅट पचवतं. कमांड लाईनवर तर एका ओळीत काम होतं, पण लिबएव्हीकोडेक (त्यातली कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या आणि परत उलगडायच्या पद्धतींची लायब्ररी) स्वतःच्या कोडमधून वापरताना सगळा खेळ क्रमाचा आहे.

म्हणजे बघा, आधी एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा भाग, शोधायचा (नल, म्हणजे रिकामं उत्तर, आला तर तुमच्या बिल्डमध्ये तो नाहीच, तिथेच थांबा), मग कॉन्टेक्स्ट (एन्कोडरच्या सेटिंग्ज ठेवणारं स्ट्रक्चर) घेऊन त्यात रुंदी, उंची, पिक्सेल फॉरमॅट, टाईमबेस (वेळ मोजायचं एकक) भरायचं आणि एमपीफोर असेल तर ग्लोबल हेडरचा (डिकोडिंगची माहिती एकदाच फाईलच्या हेडरमध्ये ठेवायचा) फ्लॅगसुद्धा कोडेक ओपन करायच्या आधीच लावायचा. नंतर लावून काही उपयोग नाही, कारण एच.२६४ या कोडेकचे एसपीएस-पीपीएस (प्लेअरला व्हिडिओ उलगडायला लागणारी माहिती) कॉन्टेक्स्टच्या एक्स्ट्राडेटामध्ये जातात ते ओपन करतानाच. कॉन्टेक्स्टमधलं हे सगळं स्ट्रीमच्या कोडेकपॅरमध्ये (फाईल लिहिणारा भाग जिथून सेटिंग्ज वाचतो तिथे) कॉपी करायचं तेही ओपन झाल्यावरच. हे चुकलं तरी फाईल बनते, साईझ पण बरोबर दिसते, फक्त बऱ्याच प्लेअरमध्ये ती चालत नाही! एरर कुठेच नाही. माझा या लायब्ररीवर राग आहे तो एवढ्याच गोष्टीचा, निदान एक ठळक वॉर्निंग तरी द्यायला हवी होती.

टाईमबेसचंही तसंच. तुम्ही १/२५ मागता, हेडर लिहिताना एमपीफोर मक्सर (दाबलेला डेटा फाईलमध्ये भरणारा भाग) तो १/१२८०० करून टाकतो. पॅकेटच्या (दाबलेल्या फ्रेमच्या) वेळा नव्या टाईमबेसमध्ये रीस्केल केल्या नाहीत तर दहा मिनिटांचा व्हिडिओ जेमतेम सव्वा सेकंदात संपतो.

शेवटी नल फ्रेम पाठवून एन्कोडर रिकामा करा, एक्स२६४ (एच.२६४ चा एन्कोडर) चा लुकअहेड, म्हणजे पुढच्या फ्रेम आधी बघून ठेवणं, डिफॉल्ट ४० फ्रेमचा असतो, त्यात अडकलेल्या फ्रेम नाहीतर गेल्याच. मग ट्रेलर, म्हणजे फाईलचा शेवटचा भाग, लिहा.

नेटवरचे जुने ट्युटोरियल मात्र बाजूला ठेवा. रजिस्टर ऑल, स्ट्रीममधला कोडेक वगैरे जुने फंक्शन आणि फील्ड एफएफएमपेग ५.० मध्ये, म्हणजे २०२२ ला, काढूनच टाकलेत, तो कोड आता कंपाईलच होत नाही. सोर्ससोबत येणाऱ्या एक्झाम्पल्स फोल्डरमधलं मक्सिंगचं उदाहरण वाचा, क्रम तिथे नीट दिलाय.

आणि नुसती वेबकॅमची क्लिप साठवायची असेल तर ओपनसीव्ही या इमेज-व्हिडिओ लायब्ररीचा व्हिडिओरायटर पुरतो, फक्त इझओपन्डने फाईल खरंच उघडली का ते तपासा आणि फ्रेमची साईझ जुळतेय ना ते बघा, तोही अशा वेळी गप्पच बसतो.